सुताचं दुसरं टोक

"तान वं शामला, ढिल्ला सोडू नको."

"हो बाबा," म्हणत शामलाने दोऱ्याचं टोक भिंतीशी घट्ट दाबलं. दुसऱ्या टोकाशी उकिडव्या बसलेल्या देवराव पेंटरने दोरा चिमटीत उचलून सोडला आणि कामठी रोडवरच्या पांढऱ्या भिंतीवर सरळ, निळी रेघ उमटली. निळीच्या भुकटीत घोळवलेला दोरा असा ताणायचा आणि उमटलेल्या रेघेवर अक्षरं बसवायची, याला तो सूत मारणं म्हणे. सुताला दोन टोकं, म्हणून दोन माणसं. शामला शाळेत जायला लागली तेव्हापासून दुसरं टोक तिच्याकडेच होतं.

आता ती बारावी झाली होती. दंतमंजनाच्या या जाहिरातीतलं हसरं बाळ तिनेच काढलं होतं. बाळाला दात नव्हते, पण ते शेठजींच्या ध्यानात आलं नव्हतं आणि बापलेक दोघंही मूग गिळून होते.

"बाबा, सोमवारी सांगाचं आहे. मुंबई का नागपूर."

"पाहू ना. कॉलेज पाहिल्याबिगर कसं सांगाव?"

जाहिरातकलेच्या डिग्रीसाठी शामलाला दोन्हीकडे जागा मिळाली होती. तिच्या ड्रॉइंगच्या बाई, शोभाताई, मुद्दाम घरी येऊन गेल्या होत्या. "आता टीव्ही आलाय देवराव, भिंतींचे दिवस संपत आले. मोठ्या जाहिराती सगळ्या मुंबईत होतात. हिला तिकडेच पाठवा. माझी बहीण दादरला असते, राहायची सोय मी करते." देवरावने मान डोलावली, आग्रहाने चहा पाजला आणि त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. एकुलती एक पोर. मुंबई त्याने पाहिलेली नव्हती, आणि न पाहिलेल्या गोष्टी त्याला नेहमीच फार लांब वाटत.

कॉलेज पारखायची त्याची एक रीत होती. तो पाटी पाहायचा. दवाखाना असो, दुकान असो, पाटीवरून तो आतल्या माणसाचा स्वभाव सांगे. शामलाची शाळाही त्याने पाटी पाहूनच निवडली होती. "ज्याले सोताचं नाव धड लिवता येत नाही, तो दुसऱ्याले काय शिकवन?" असं तो म्हणायचा.

"माह्या बापाच्या घरावर पाटीच नव्हती जी," पंचफुला, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची. "तरी बायको केली ना मले?"

गुरुवारी मायलेकी नातेवाइकांकडे गेल्या, तशी देवरावने सायकल काढली आणि नागपूरच्याच सदर भागातलं कॉलेज एकट्यानेच पाहून आला. म्हणजे पाटी पाहिली, आणि तो हबकलाच. रंग उडालेला, अर्धी अक्षरं ऊनपावसाने नेलेली. इतकी वर्षं ऐटीत सांगितलेलं आता आपल्याच अंगाशी येणार, हे त्याला कळून चुकलं. शिपाई चंपतराव ओळखीचा निघाला.

"चंपतराव, पाटी रंगवून देऊ काय?"

"सायबाले इचारा लागन."

"फुकटाच्या कामाले कोनी इचारते काय गा?"

संध्याकाळपर्यंत पाटी नवी झाली. पांढऱ्यावर गर्द निळी अक्षरं, त्यांना लाल सावली. इतका जीव ओतून त्याने स्वतःच्या दुकानाची पाटीसुद्धा रंगवली नव्हती.

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून, शामलाला कॅरियरवर बसवून तो सदरला आला. गेटसमोर उतरला आणि मुद्दाम भलतीकडे पाहत म्हणाला, "पाह्य बरं. पाटी तं झकास दिसून राहिली."

शामलाने वर पाहिलं. पाहतच राहिली. हवेत टर्पेंटाइनचा वास अजून होता. 'ल'ची शेपटी तर साऱ्या नागपुरात एकटा देवरावच तशी वळवायचा. आणि पाटीच्या पार कडेला एक खिळा होता. त्याला बोटभर निळा दोरा गाठ मारलेला तसाच लोंबत होता. घाईत काढायचा राहून गेला होता.

ती हसेल, नाहीतर चिडेल, असं देवरावला वाटलं. तिने हळूच विचारलं, "बाबा, सूत कोनं धरलं?"

"खिळ्याले बांधलं."

तो बोलून गेला. अक्षरांची रेघ कुठेही वाकडी झालेली नव्हती. ते दोघांनाही दिसत होतं.

"काहून केलं एवढं?"

"तू इथं राहाशीन म्हनून," देवराव म्हणाला. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं.

शामलाचे डोळे भरून आले. "तुमी म्हनान तं राहीन मी इथंच."

हेच ऐकायला तो एवढी खटपट करून आला होता. पण ऐकलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीने आजवर जिकडे ताण म्हटलं तिकडे ताणलं होतं. आताही तो म्हणेल तसंच ती करणार होती, आणि म्हणूनच तसं म्हणणं बरं नव्हतं. त्याने सायकल वळवली.

"चाल घरी. शोभाताईले सांगू, मुंबई म्हनून."

"पन तिथची पाटी तं पाहिलीच नाही तुमी."

"तू पाह्यजो. अन् मले लिवून कळवजो, कशी आहे थे."

शामला मुंबईला गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी देवरावला कामठी रोडवर साबणाच्या जाहिरातीचं काम मिळालं. त्याने भिंतीच्या एका टोकाला खिळा ठोकला, दोरा बांधला, निळीची भुकटी लावली आणि दुसऱ्या टोकाशी येऊन उकिडवा बसला.

"तान वं," तो सवयीने म्हणाला.

मग 'हो बाबा' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला आणि त्याने दोरा सोडला. रेघ सरळ आली.