उलटे आटे

या, असे पुढं सरकून बसा. आजी, तुम्ही खांबाला टेका. पोरीहो, टाळ घडीभर खाली ठेवा. बुवांचा फेटा बांधून होईतो एक गोष्ट सांगतो. एका गाडीची आहे आणि दोन भावांची. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. देवाच्या दारात गोड तेवढंच ऐकायचं असं ज्यांनी ठरवलं असेल, त्यांनी खुशाल चहाला जावं. बाकीच्यांनी कान द्या.

पासष्ट-सहासष्टचा सुमार. चौक गावाला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, नागू नावाचा ड्रायव्हर राहायचा. सगळं आयुष्य एका शेठची गाडी चालवण्यात गेलं. शेठ कुटुंबासकट देश सोडून गेला तेव्हा म्हातारी झालेली ती गाडी नागूच्या पदरात टाकून गेला. अमेरिकेहून बोटीनं आलेली गाडी. शिटांना कातडं, दारांना आतून लाकडाच्या पट्ट्या, आणि लांबी एवढी की छपराखाली घातली तर तोंड बाहेर राहायचं. एके काळी बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहणारी ही बया, आता गोठ्याशेजारी पेंढ्याखाली उभी राहू लागली.

नागूनं तिला कधी गॅरेज दाखवलं नाही. रेडिएटर गळायला लागला की बायकोच्या, आनंदीबाईच्या, डब्यातली मूठभर हळद त्यात जायची आणि गळती बसायची. पेट्रोलची टाकी पाझरली की तिथं अंगाचा साबण चोळायचा. दाराचं रबर म्हणजे सायकलची फाटकी ट्यूब. आनंदीबाई म्हणायची, "माझ्या हातची हळद लेकरांच्या जखमांना कमी नि ह्या सवतीलाच जास्त लागली."

नागूला दोन मुलगे. थोरला मालोजी, तो शेतावर. धाकटा धाकलू, तो पाने-पकडी घेऊन बापाच्या जोडीनं गाडीखाली उताणा. बाप होता तोवर ठीक चाललं. बाप गेला, आणि दहाव्याच्या दिवशीच मालोजी चारचौघांत बोलून गेला, "ह्यो काय संसार करनार? जल्मभर बापाचे पाने पुसत बसला." त्या दिवसापासून धाकलूनं थोरल्या भावाला दादा म्हणायचं सोडलं.

मग वाटणी आली. शेतं वाटली, घरात मधे भिंत पडली, बैल वाटले, तांब्याची भांडी वाटली. आईसुद्धा वाटली, एक महिना ह्याच्या चुलीवर, एक महिना त्याच्या. राहिली गाडी. विकू म्हटलं तर दोघंही नाही म्हणत. एकानं घ्यावी म्हटलं तर दुसरा उठून उभा राहायचा. ऊन डोक्यावर आलं, पंचांना भुका लागल्या. त्यातला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "मग मधून रेघ मारा. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकल्याची. एकानं दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाय."

त्यानं थट्टा केली होती. दोघा भावांनी मारुतीच्या पायाला हात लावून ती खरी केली.

मग काय विचारता. मालोजीनं आपली बाजू काळ्या रंगानं रंगवली. धाकलूची बाजू राहिली जुनी, सायीच्या रंगाची. खोपोलीकडे जाताना पाहिली तर काळी गाडी, परतताना पाहिली तर पांढरी, असं ट्रकवाले सांगायचे. स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून चालवणार मालोजी. पण टाकीचं तोंड डावीकडं, म्हणून धाकलूनं झाकणाला कुलूप ठोकलं. पेट्रोल भरायचं झालं की आनंदीबाईनं मधल्या भिंतीला वळसा घालून किल्ली मागून आणायची. लग्नाच्या वरातीला गाडी गेली की नवरा काळ्या बाजूला बसायचा आणि नवरी पांढऱ्या.

गाडीची कामं बापाच्या हयातीत मालोजीनं कधी केली नव्हती. आता ईर्ष्येनं शिकला. चाक उतरवायला शिकला, ब्रेक साफ करायला शिकला, दाराचं कुलूप उघडून परत बसवायला शिकला. पण सगळं उजवीकडचं. डाव्या बाजूला त्याचा हात कधी गेला नाही. आपल्याला आता ही गाडी पुरती कळते, असं त्याला वाटायला लागलं होतं आणि धाकलू ऐकेल एवढ्या आवाजात तो ते बोलूनही दाखवायचा.

ह्या माणसाला दुसरं वेड एकच, ते कीर्तनाचं. चौकाच्या मारुतीच्या सप्ताहात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायची पहिली जागा मालोजीची. टाळ धरला की त्याचा चेहराच पालटायचा. बांधावर कुणाच्या अंगावर धावून जाणारा हाच का तो, असं वाटावं.

त्या वर्षी चैत्रात काल्याच्या कीर्तनाला कळंबच्या बुवांना आणायचं ठरलं. बुवा थकलेले, गुडघे गेलेले, कर्जतला लेकीकडं राहात. नागूचे जुने मैतर. पूर्वी नागूच त्यांना गाडीतून आणायचा. देवळात बैठक बसली होती. कुणी म्हणालं एस.टी.नं आणू, कुणी म्हणालं बैलगाडी. मालोजी उठला.

"बुवांना मी आणीन. माझ्या गाडीतून."

खांबामागून धाकलूचा आवाज आला, "अर्ध्या गाडीतून."

सगळं देऊळ हसलं. मोरू सुतार म्हणाला, "मग अर्धेच बुवा येतील रं, कीर्तन कोन करील?" पुन्हा हसू उसळलं.

मालोजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो देवाकडं तोंड करून म्हणाला, "काल्याच्या दिवशी बुवा माझ्या गाडीतून ह्या दारात उतरले नाय, तर मी ह्या देवळाची पायरी पुन्ना चढनार नाय. आईकलंस का रं, मारुतीराया?"

हसू थांबलं. एक-दोघांनी, "अरं, असं बोलू नये," म्हटलं. पण शब्द सुटला होता, आणि सुटला होता तो देवासमोर.

काल्याची सकाळ उजाडली. आदल्या सकाळी आनंदीबाईनं किल्ली आणून टाकी भरवली होती. मालोजी अंघोळ करून, बुक्का लावून छपराखाली आला, आणि पाहतो तर गाडी डाव्या अंगाला झुकलेली. डावं मागचं चाक पार बसलं होतं. बाभळीचा काटा टायरात घुसून राहिलेला दिसत होता.

धाकलू आपल्या ओट्यावर चहा पीत बसला होता.

"कदी बसलं हे चाक?" मालोजीनं गाडीला विचारावं तसं विचारलं. भावाकडं पाहिलं नाही.

"काल दुपारी," धाकलू म्हणाला.

"नि सांगितलं नाय."

"माझ्या बाजूचं चाक. मी कुनाला कशाला सांगू?"

"मग बदल ते. स्टेपनी लाव."

"मला घाई नाय. बुवा तू आननार हायस."

मालोजीनं दात आवळले. जॅक काढला, पाना काढला आणि डाव्या चाकापुढं उकिडवा बसला. धाकलू कप खाली ठेवून म्हणाला, "मारुतीच्या पायाला हात लावला व्हतास. ध्यानात हाय का?"

"देवाच्याच कामाला चाललोय. तो बघून घेईल."

"बघील की," धाकलू म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

आता इथं नीट ऐका, सगळी गोष्ट इथं आहे. ह्या गाडीच्या उजव्या चाकांचे बोल्ट आपल्या नेहमीच्या आट्यांचे; डावीकडं फिरवले की सुटायचे. पण डाव्या चाकांचे आटे उलटे कापलेले. चाक पुढं धावताना बोल्ट आपोआप ढिला पडू नये म्हणून गाडी करणारानं तशी सोय केलेली. ते उजवीकडं फिरवले तरच सुटायचे. नागूला हे ठाऊक होतं, धाकलूला ठाऊक होतं. मालोजीला नव्हतं.

त्यानं पाना लावला आणि उजव्या चाकाच्या सवयीनं डावीकडं दाबला. हलेना. गंज असेल म्हणून रॉकेल सोडलं. हलेना. मग गोठ्यातून लोखंडी नळी आणून पान्याच्या दांड्यावर चढवली आणि सगळं वजन टाकलं. कट् असा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं तुटून धुळीत पडलं.

ओट्यावर धाकलू बसला होता. तो बघत होता.

मालोजीनं दुसरा घेतला. तोही तुटला. घाम डोळ्यांत उतरायला लागला, बुक्का नाकावर ओघळला. त्याला वाटलं, चाक जुनं, लोखंड सडलेलं, धाकलूनं हयगय केलेली. तो बडबडत होता, "बापानं सोन्यासारखी ठेवली व्हती, ह्यानं माती केली." तिसऱ्याला नळी लावली. तिसरा तुटला.

दारात तांदूळ निवडत आनंदीबाई बसली होती. तिला हल्ली धड दिसत नव्हतं. तिसरा आवाज ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"मालोजी, कंचं चाक हाय रं?"

"डावं."

"डावं?" ती भिंत धरून उठली. "अरं, तुझा बाप डाव्या चाकाशी बसला का मला सांगायचा, आनंदे, ही बाजू वाकडी, हिचं सगळं उलटं. उलटं फिरव रं लेका."

मालोजीनं पाना चौथ्या बोल्टला लावला आणि उजवीकडं दाबला. बोल्ट लोण्यातून निघाल्यासारखा सुटला. तो तसाच, हातात बोल्ट धरून, धुळीत बसून राहिला.

आनंदीबाई ओट्याकडं वळली. "धाकलू, तुला ठाव व्हतं."

"व्हतं."

"नि तू बसून बघत राह्यलास."

"मला कुनी इचारलं नाय." धाकलूचा आवाज चढला नाही. "मी बापाचे पाने पुसनारा. मला कोन इचारतंय?"

तीन बोल्ट तुटलेले, दोन राहिलेले. दोन बोल्टांवर एवढी जड गाडी कर्जतला नेऊन बुवांना बसवून आणणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. मालोजीनं चाक उतरवलं, तुटके तुकडे पकडीनं पिळून काढले. मग धावत जाऊन आपल्या उजव्या चाकाचे तीन बोल्ट काढून आणले आणि भोकात घालून पाहिले. ते एक फेरासुद्धा घेईनात. उलट्या भोकात सुलटा बोल्ट कसा जाणार?

डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात चालणारे बोल्ट होते. तिथले दोन काढले असते तर दोन्ही चाकांचं भागलं असतं. मालोजी पुढच्या चाकाकडं वळला तोवर धाकलू ओट्यावरून उतरून तिथं आला होता. त्याच्या हातात पाना होता. सराईत हातानं त्यानं दोन बोल्ट काढले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि मुठीत धरले.

"माग," तो म्हणाला.

मालोजी उभा राहिला.

"चार लोकांत नको. देवळात नको. हितंच माग. धाकलू, मला दे, येवढं म्हन. बोल्ट बशीवतो बी मी, नि झाकनाचं कुलूप बी काढून टाकतो."

"दे रं, तुझ्या पाया पडते," आनंदीबाई म्हणाली.

"तू नको, आये. त्यानं म्हनायचं."

घरातून इंदूबाई, मालोजीची बायको, बाहेर आली. "म्हना की वो. सबुद काय गळ्यात अडकतो?"

अडकला होता. देवळाकडून पखवाज लावल्याचा आवाज येत होता. कुणी तरी कातड्यावरच्या काळ्या शाईवर थाप देऊन पाहत होतं. त्या आवाजावर मालोजीचा जीव होता. ह्या घटकेला मागितलं नाही तर तो आवाज जन्मभर बाहेरूनच ऐकायचा, हे त्याला लख्ख कळत होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं ते असं:

"कुत्र्यापुढं टाक ते."

धाकलूनं मूठ मिटली आणि तो घरात गेला.

मालोजीनं हात पुसले. रस्त्यावर जाऊन कर्जतच्या बाजूला निघालेला एक ट्रक थांबवला. बुवा तयार होऊन लेकीच्या ओटीवर बसलेच होते. गाडी नाही म्हणताच म्हणाले, "अरे, देवाला काय गाडी लागते? चल, एस.टी.नं जाऊ." मालोजीनं त्यांना पाठुंगळी घेऊन एस.टी.त चढवलं, चौकाला उतरवलं, आणि तसंच पाठीवर घेऊन देवळापर्यंत आणलं. लोकांनी जयघोष केला. मालोजीनं त्यांना पायरीवर अलगद उतरवलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरला.

"चल की आत," सगळे म्हणाले.

"गाडीतून आनीन म्हनलो व्हतो."

"बुवा आले ना? मग झालं."

"देवाला जे सांगितलं ते त्यानं आईकलंय," मालोजी म्हणाला आणि पिंपळाच्या पाराकडं चालता झाला.

कीर्तन उभं राहिलं. बुवांनी मागं वळून पाहिलं. पहिल्या टाळकऱ्याच्या जागेवर धाकलू उभा होता.

"मालोजी कुठाय?" बुवांनी विचारलं.

"भाईर हाय," धाकलू म्हणाला. "त्याला कुनी अडवलं नाय."

बुवांनी डोळे मिटले आणि नामाचा गजर धरला. ते तरी काय करणार? त्या दिवशी त्यांचा आवाज लागला नाही, असं जुनी माणसं सांगत.

गाडी पुन्हा कधी चालली नाही. दोन बोल्टांवर अडकवलेल्या चाकाला घोसाळ्याचा वेल चढला. आनंदीबाई होती तोवर दर काल्याला देवळाची भिंत चाचपत बाहेर यायची आणि थोरल्याच्या हातावर लाह्या-दह्याचा घास ठेवायची. ती गेल्यावर कुणी आणला नाही. मालोजी येत राहिला. पाराशी बसून, मांडीवर बोटांनी ठेका धरून, भिंतीपलीकडचं कीर्तन ऐकत राहिला. शेवटपर्यंत पायरी चढला नाही, आणि धाकलूही ती उतरून त्याच्यापर्यंत गेला नाही.

चूक कुणाची, ते मी सांगणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. बुवा उभे राहिलेच आहेत, आता टाळ घ्या. एवढंच मागणं आहे: आज काला हातावर पडेल तेव्हा घास तोंडात घालायच्या आधी त्या मालोजीची आठवण काढा. त्याला कीर्तन फार आवडायचं.