सतरा नंबरची बशी

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. पेशींना वेळेवर खाणं घालणं हे तिचं काम. आपल्यापेक्षा त्यांचीच बडदास्त जास्त, असं नवरा म्हणायचा. मग त्यानेही ऐटीत दंडाची चिमूटभर कातडी दान करून टाकली. पुढे तो गेला, पेशी राहिल्या. शास्त्रज्ञांनी त्यांच्या जनुकांत ढवळाढवळ करून त्यांना हृदयाच्या पेशी बनवलं. सांगितल्या कामाला मुकाट लागणं नवऱ्याला जन्मात जमलं नव्हतं, ते त्यांना तीन आठवड्यांत जमलं. आता सतरा नंबरच्या बशीत नखाएवढा पापुद्रा धडधडत होता.

दाता कोण ते कुणाला कळू नये, असा नियम होता. बशीवर नंबराची चिठ्ठी ताईनेच चिकटवली होती, एवढीच काय ती नियमाला फट.

पापुद्र्याखालचा थर भलता हुशार. ऊब असेतो पेशींना घट्ट धरायचा, गारवा लागला की सोडून द्यायचा. शुक्रवारी मुद्दाम गार करून पापुद्रा अख्खा उचलायचा, असा बेत होता. तोवर उबदार कपाटाचं दार दिवसातून एकदाच उघडायचं, खाणं घालण्यापुरतं.

बुधवारी सर कपाटाची नोंद घेऊन आले.

"ताई, काल दार एकोणीस वेळा उघडलंय."

"आतल्या ट्रेमधलं पाणी बघत होते."

"आत विहीर आहे का?"

सरांनी आतल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आणलं. पापुद्र्याची एक कड सुटून वर वळली होती.

"अजून सुटला तर गोळा होऊन मरेल. बघायचंच होतं तर इथे दिसतं की!"

"ते फोटोसारखं दिसतं, सर. फोटो घरी आहे."

सरांनी नियमाप्रमाणे काहीच विचारलं नाही. मग नियम बाजूला ठेवून विचारलं, "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष." तिने गळ्यातली कपाटाची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "मागितली तरी देऊ नका. रडले तर मुळीच देऊ नका."

गुरुवारी खाणं घालायला सरच आले. ताई टेबलापाशी पाठमोरी उभी राहून धुतलेल्याच बाटल्या धूत होती.

"या, एकदा बघून घ्या," सर म्हणाले. "दार उघडंच आहे."

तिचे हात थांबले. वळली मात्र नाही.

"लावा आधी ते," ती म्हणाली. "वारा लागतोय त्यांना."