उत्कटासनातली चार मिनिटं

अग्निशामक दलात त्याला सगळे शिडी म्हणत. उंच होता, आणि शिडीवर पहिला चढणारा तोच. एका गोदामाच्या जिन्यावरून पडून त्याचा गुडघा मोडला. सात आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा दोन बोटं बारीक भरली. परत बंबाच्या गाडीवर जायचं तर चाचणी होती: पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन साडेतीन मिनिटांत सहा मजले. नापास झाला तर कायमचं भांडारात पाइप गुंडाळत बसणं.

डॉक्टरांनी गरम खोलीतला योग सुचवला. मांड्या-पोटऱ्या भरतील म्हणाले. बायको हसली. "इतकी वर्षं फुकट भाजून घेतलंस, आता फी भरून भाजून घे."

खोली चाळीस अंशांवर ठेवलेली. एका भिंतीला आरसा, त्याच्यावर घड्याळ. सोळा चटया आणि पुरुष हा एकटाच. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटांत धापा टाकत खाली बसला. काय करता, असं कुणीतरी विचारलं. आगीत शिरणारा माणूस उबेत बसकण मारतो, हे सांगायची त्याला लाज वाटली.

"विम्याच्या कचेरीत आहे. कारकून."

शेजारच्या चटईवर एक निवृत्त मुख्याध्यापिका असत. वय सहासष्ट. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. उत्कटासनात, म्हणजे नसलेल्या खुर्चीवर बसताना, त्याचा पाय लटपटला की त्या पुटपुटत, "कारकुना, गुडघा पुढे जातोय. फाइल नाही ती, ढकलायला."

शिक्षिकेचे नियम दोन. आसन चालू असताना बोलायचं नाही आणि तास संपेपर्यंत दार उघडायचं नाही, ऊब जाते. मोठ्या बाई तेवढा पहिला नियम मोडत.

नवव्या दिवशी त्या काहीच पुटपुटल्या नाहीत. सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्याला आरशात त्यांचं कपाळ दिसलं. कोरडं. खोलीतल्या प्रत्येकाच्या हनुवटीवरून घाम टपकत होता आणि बाईंची मान लालभडक, कोरडी ठणठणीत. दलातल्या नव्या भरतीला उष्माघात तोच शिकवायचा. पहिलं वाक्य ठरलेलं असे: "घाम थांबला की वाट बघायची नाही."

पण त्या क्षणी त्याची डावी मांडी पहिल्यांदाच थरथरत नव्हती. चाचणीला तीन दिवस होते. हा फेरा होऊ दे, असं त्याने ठरवलं. पुढच्या फेऱ्यात शिक्षिका उजवा हात म्हणाली, बाईंनी डावा उचलला. तेही त्याने पाहिलं. आणखी एक फेरा. सात पंचेचाळीसला बाई आरशाला धरून खाली घसरल्या.

मग मात्र त्याने एकही चूक केली नाही. "दार उघडा! हीटर बंद करा! तुम्ही दोघी पाय धरा, बाहेर घ्या. ओले टॉवेल, मानेला आणि काखेत. तुम्ही रुग्णवाहिकेला फोन लावा." गाडी येईपर्यंत बाई डोळे उघडून बघू लागल्या होत्या.

"तुम्ही कारकून नाही," शिक्षिका म्हणाली.

"अग्निशामक दलात आहे."

"अगं बाई! आणि आम्हाला विमा सांगत होता!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

दुपारी तो इस्पितळात गेला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"बाकीच्या आरशात स्वतःच्या मांड्या बघत होत्या," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे बघत होतास. दिसलं मला. कधीपासून बघत होतास रे?"

"येतो मी, बाई. ड्यूटी आहे," तो म्हणाला. ड्यूटी नव्हती. तो रजेवर होता.

दलाची शिस्त अशी की रजेवर असताना कुणाला वाचवलं तरी त्याच दिवशी नोंदवहीत लिहायचं. रकाने दोन: लक्षण कधी दिसलं, कृती कधी केली. तो केंद्रावर गेला तेव्हा साहेबांना बातमी आधीच फोनवरून पोचली होती. "चाचणीआधीच पास झालास, शिडी! लिही पटकन, वर पाठवतो."

दोन्ही रकान्यांत सात पंचेचाळीस लिहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. त्याने पहिल्यात सात एक्केचाळीस लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "यातली एक वेळ चुकली आहे."

"नाही, साहेब."

"चार मिनिटं काय करत होतास?"

"पाय घट्ट करत होतो."

साहेबांनी वही मिटली. चाचणीचा कागद टेबलावर सहीसाठी पडला होता, तो उचलून त्यांनी खणात ठेवला. "तुझं आधी वर विचारावं लागेल. जा."

तो परत इस्पितळात गेला. बाईंची खोली चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून तो जिन्याने चढला. डावा पाय एकदाही थरथरला नाही. वर पोचला तेव्हा त्याला धापही लागलेली नव्हती, आणि दाराबाहेर थांबायला दुसरं काही कारण उरलं नव्हतं.

"आलास परत?" बाई म्हणाल्या. "ड्यूटी संपली?"

"एक्केचाळीसपासून, बाई," तो म्हणाला. "सात एक्केचाळीसपासून बघत होतो."