गिळलेला शब्द

खुर्ची पुन्हा टेबलापासून बाहेर ओढलेली होती.

स्वयंपाकघराच्या दारात गमबूट काढता काढता व्हर्ल यॉर्गन्सन थबकला. रात्री झोपण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने ती टेबलाखाली सारली होती, सारून वर एक धक्काही दिला होता. आणि आता सकाळी पाटाचं पहिलं दार उघडून परत येतो तो काय, बया पुन्हा तिथेच. झोपायच्या खोलीकडे तोंड करून, कुणीतरी तिच्यावर बसून वाट बघत असावं तशी.

"तू सारलीस ना रे ती रात्री?" आतून त्याच्या बायकोचा, थोराचा आवाज आला. आवाज कसला, नुसती कुजबुज.

"काय सारली?"

"खुर्ची. कशाला म्हातारीला त्रास देतोस? गुडघे धरलेत तिचे, उभं नाही राहवत तिला."

म्हातारी म्हणजे थोराची आई, मूळची डॅनिश कर्स्टिन. तिला जाऊन तीस वर्षं होत आली होती. तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत व्हर्ल स्वतः होता.

"कोट घालून बसलीय," थोरा म्हणाली. "भर जुलैत! टोपीसुद्धा काढत नाही. म्हणते, निघायचंच आहे, तर काढू कशाला?"

खुर्ची परत सारायला व्हर्लचा हात धजला नाही. बाहेर ओसरीवर बस्टर कुत्रा पुढच्या पायांवर तोंड टेकून पडला होता. मार्चपासून त्या कुत्र्याने उंबरा ओलांडला नव्हता. खायला घातलं तरी दाराशी येऊन आत बघायचा, अंग चोरायचा आणि भांडं बाहेर आणून ठेवेपर्यंत कण्हत राहायचा.

सँपीटच्या खोऱ्यात व्हर्लला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे तो पाटकरी होता. डोंगरातून उतरणारं पाणी कुणाच्या शेतात केव्हा सोडायचं नि केव्हा तोडायचं हे त्याच्या हातात, आणि पाण्याच्या बाबतीत त्याने कधी सख्ख्या भावाचीही भीड ठेवली नाही. दुसरी गोष्ट त्याचे हात. याजकपद तसं गावातल्या प्रत्येक भल्या पुरुषाकडे होतं. शाळेची बस चालवणारा बिशप काय, टर्की कोंबड्या पाळणारा हीबर काय, सगळेच याजक. कुणी आजारी पडलं की दोघांनी जायचं. एकाने टाळूवर पवित्र तेलाचा थेंब लावायचा, दुसऱ्याने डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचे शब्द बोलायचे. हा दुसरा म्हणून लोकांना व्हर्लच हवा असे. पद एका माणसाला दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून देता येतं. देणगी मात्र देवानेच द्यावी लागते, आणि ती त्याने व्हर्लला दिलीय अशी गावाची पक्की समजूत होती.

तो हात ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा. इतका वेळ, की नवख्याला वाटावं, बाबा उभ्या उभ्या झोपला की काय! मग हात ऊबदार व्हायचे आणि शब्द यायचे. ते त्याचे नसत. 'बरा होशील' असं आलं की माणूस बरा व्हायचाच. आणि तो नुसतं धीराचं बोलून थांबला, तर घरातल्या बायका काही न विचारता पेटीतून मंदिराचे पांढरे कपडे काढून इस्त्रीला घ्यायच्या. शेवटच्या प्रवासाला तेच घालतात. व्हर्लचा शब्द खाली पडत नाही, असं लोक कौतुकाने म्हणत. व्हर्लला मात्र त्या कौतुकाची धास्ती वाटायची. शब्द आपला नाही, आपण नुसता पाट, हे तो स्वतःला बजावत असे.

आणि मार्चमध्ये थोराची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःच बांध घातला.

थोराच्या पोटातलं दुखणं तोवर हाताबाहेर गेलं होतं. हीबरने तेल लावलं. व्हर्लने हात ठेवले. शब्द यायला वेळही लागला नाही. दोनच शब्द, कानाशी कुणी सांगावेत तसे स्वच्छ: जाऊ दे.

व्हर्लने ते गिळले. घशाखाली उतरताना त्याला ते जाणवलेसुद्धा. मग तो मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलला, "थोरा, ह्या याजकपदाच्या अधिकाराने मी तुला आज्ञा करतो. मी सांगेपर्यंत तू हे घर सोडून जायचं नाहीस."

हीबर दचकला. असली हुकमी भाषा व्हर्लच्या तोंडी त्याने कधी ऐकली नव्हती. पण 'आमेन' म्हणणं भागच होतं, म्हणाला. त्या क्षणी व्हर्लचे हात जे गार पडले ते आजतागायत.

थोरा गेली नाही. बरीही झाली नाही. दुखणं होतं तिथेच होतं, फक्त त्याचा पुढचा रस्ता बंद झाला होता. डॉक्टर यायचे, मनगट धरून बराच वेळ नाडी शोधत बसायचे आणि व्हर्लकडे न बघता बॅग उचलायचे. अन्नपाणी जवळजवळ तुटलं, तरी ती वाळली नाही. तिची नखं वाढायची थांबली. मुलगी लारू सॉल्ट लेकहून रुग्णवाहिका घेऊन आली, तेव्हा स्ट्रेचर उंबऱ्याशी पोहोचताच थोरा अशी किंचाळली की शेजारी हीबरच्या टर्क्या बिथरून जाळीवर आदळल्या. आत आणली की गप्प. पुन्हा बाहेर, पुन्हा तीच किंचाळी. शेवटी लारू डोळे पुसत रिकाम्या गाडीतून परत गेली. व्हर्ल भिंतीला टेकून उभा होता. घर सोडून जायचं नाही, हे आपणच बोललो होतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी हीबर आला. हातात जर्दाळूंची टोपली, कपाळावर आठ्या. टोपली त्याने टेबलावर ठेवली आणि बसायला म्हणून ती खुर्ची ओढू लागला.

"तिच्यावर नको," व्हर्ल पटकन म्हणाला.

हीबरने खुर्चीकडे बघितलं, मग व्हर्लकडे. तो उभाच राहिला. "झाडाखाली सडा पडलाय नुसता. म्हटलं, थोराताईला वास तरी येईल. आणि एक बोलायचंय. माझ्या नातीला डांग्या खोकला झाला होता, व्हर्ल. श्वास लागला होता पोरीला. मी तुला दोनदा फोन केला."

"दुसरं कुणी आलं ना? बरी आहे ना ती?"

"बरी आहे. बिशप आला धावत. पण तू का नाही आलास? शेजारी ना तू? काय झालंय तुला? याजकपद काढून घेतलंय का तुझं कुणी?"

"पद आहे रे. पण हात मेलेत," व्हर्ल म्हणाला, आणि त्याने दोन्ही तळवे हीबरपुढे धरले. हीबरने ते चाचपले आणि चटकन सोडून दिले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हे तळवे पाटातल्या दगडांसारखे गार होते.

"हीबर आलाय का?" आतून थोराने हाक मारली. "बरं झालं. तेल आहे का रे तुझ्याजवळ?"

"आहे की, ताई," हीबरने सवयीने खिसा चाचपला. किल्ल्यांच्या जुडग्याला बोटभर कुपी लटकत होती. गावात अर्ध्याअधिक पुरुषांच्या किल्ल्यांना ती असायची.

"मग थांब दोन मिनिटं बाहेर. आधी मला नवऱ्याशी भांडायचंय."

व्हर्ल आत गेला. थोरा उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते. ते कुणी विंचरले हे विचारायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण उत्तर ऐकायची छाती झाली नाही.

"बस इथं," ती म्हणाली. "गावातल्या पाण्याचं काय सांगतोस तू लोकांना? वेळ झाली की दार उघडायचं. कुणी अडवून धरलं तर फावडं घेऊन धावतोस त्याच्या अंगावर. माझी वेळ मार्चातच झाली होती, होय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जन्मभर तुझे आशीर्वाद ऐकतेय मी. त्या दुसऱ्या आवाजाची गोष्टच वेगळी असते रे. तो कधी गयावया करत नाही. त्या दिवशी तू गयावया करत होतास. वरनं हुकमाची झूल घातली होतीस, एवढंच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मलाही राहायचं होतं ना थोडं!" थोरा हसली. "चर्चच्या बायका माझ्या मयताच्या हिशेबाने चीज-बटाटे भाजून घेऊन आल्या होत्या. म्हटलं, बघू तरी चव. लबाडी दोघांची, व्हर्ल. तुझी एकट्याची नाही."

तिचं हसणं व्हर्लला सोसवेना. त्याने मान खाली घातली. "नाही जमणार मला. तू गेलीस की ह्या घरात मी काय करू? कुणाशी बोलू? खुर्च्यांशी?"

"कालपासून दुखायचं थांबलंय," ती हळूच म्हणाली.

"अगं, मग चांगलंच आहे की!"

"चांगलं नाही. काहीच होत नाहीये आता. इकडे ये. कान लाव."

त्याने तिच्या छातीला कान लावला. आत काही नव्हतं. कोरड्या विहिरीत कान द्यावा तशी नुसती पोकळी. त्याने श्वास रोखून धरला, पुन्हा ऐकलं. काही नाही. आणि तिचा हात मात्र त्याच्या केसांतून सावकाश फिरत होता.

"ऐकलंस?" तिने विचारलं. "मला भीती वाटते, व्हर्ल. मरणाची नाही. अशीच राहिले तर, ह्याची. तू उद्या पाटावर पाय घसरून पडलास, तर मला कोण सोडवणार?"

तो ताठ बसला. हा विचार त्याच्या मनाला इतक्या दिवसांत शिवलाही नव्हता. आपण गेलो, आणि ही अशीच ह्या पलंगावर, बोलत, वाट बघत, दारं उघडी, वर्षानुवर्षं... आपण हिला जपत होतो असं आपण समजत होतो!

"हीबर," त्याने हाक मारली. "ये आत. तेल आण."

हीबर टोपी हातात घेऊन आत आला. दोघांची तोंडं बघून तो काहीबाही समजला असावा, कारण त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याने कुपी उघडली, थोराच्या टाळूवर थेंब लावला, तिचं पूर्ण नाव घेऊन नेहमीचं दोन ओळींचं बोलला आणि बाजूला झाला.

व्हर्लने हात ठेवले. तो थांबला. नेहमी थांबायचा तसा. खिडकीतून जर्दाळूंचा पिकून उतू गेलेला वास येत होता. हात तापले नाहीत. शब्द आले नाहीत. त्याने मनातल्या मनात याचना केली, एकदाच, फक्त आता. पण आत सगळं चिडीचूप होतं. जे यायचं ते मार्चातच येऊन गेलं होतं, आणि त्याने ते गिळलं होतं. आता ते स्वतःच्याच तोंडाने ओकायला हवं होतं.

"थोरा आने यॉर्गन्सन," तो म्हणाला. आवाज साध्या म्हाताऱ्याचा होता, मध्येच फाटत होता. "मी जे बोललो होतो ते देवाचं नव्हतं. ते माझं होतं. ते मी परत घेतो. मला त्या दिवशी 'जाऊ दे' असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आता मी सांगतो. तू मोकळी आहेस. जा." पुढे काही सुचेना. मग एवढंच आठवलं, "आईचा हात धर. ओसरीच्या पायऱ्या खराब आहेत." आणि त्याने येशूच्या नावाने शेवट केला.

"आमेन," हीबर म्हणाला.

"आमेन," थोरा म्हणाली. अगदी खणखणीत, मार्चच्या आधीच्या आवाजात.

"आमेन," स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं. बाईमाणसाचा, जुन्या डॅनिश वळणाचा, थोडा कंटाळलेला आवाज.

व्हर्लने हात उचलले नाहीत. तळव्यांखाली थोराचं डोकं हळूच एका बाजूला कललं, तेव्हा कुठे त्याने ते उचलले आणि तिची मान नीट केली. तिच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत नव्हता तो थकवा उतरला होता. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा, हक्काचा.

हीबर खाकरला. "मी बिशपला कळवतो. आणि बायकोला सांगतो, बायकांना बोलवायला. कपडे..."

"पेटीत आहेत. तिनेच इस्त्री करून ठेवलेत, गेल्या हिवाळ्यात."

हीबर ओसरीपर्यंत गेला, आणि परत वळला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "व्हर्ल, आमेन... किती जण म्हणाले रे?"

"सगळे म्हणाले," व्हर्ल म्हणाला.

हीबर गेला. बायका येईपर्यंत आता काही करायचं नव्हतं. संध्याकाळच्या पाण्याला अजून अवकाश होता. व्हर्लने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली आणि तो स्वयंपाकघरात आला. बस्टर आत येऊन टेबलाखाली झोपला होता. त्याच्या पाठीला लागून खुर्ची, टेबलाखाली पार आतपर्यंत, नीट सारून ठेवलेली होती. व्हर्लने कधी सारली नव्हती इतकी नीट.

टोपलीतला एक जर्दाळू घरंगळून टेबलाच्या काठाशी आला होता, तो त्याने उचलून परत आत ठेवला. मग खुर्ची बाहेर ओढली, तिचं तोंड झोपायच्या खोलीकडे केलं आणि तो तिच्यावर बसला. टोपी काढायची राहिली ती राहिलीच.