चिमीचा फळा

मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, चार्जिंग रात्रीपर्यंतही टिकत नाही. पण मित्रांनो, माझा कॅमेरा अजून शाबूत आहे. आणि त्याच्यावाचून एका मुलीचं फार अडलंय, म्हणून मी तळमळून बोलतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं केवढं कौतुक! चिमीच्या मावशीनं मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पुढे तिनं नवा फोन घेतला आणि मी चिमीकडे गेलो, गाणी ऐकायला. चिमीनं मात्र मला भलत्याच कामाला लावलं. तिला चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही, अगदी आईलासुद्धा नाही. तिच्या चुलतबहिणीचे डोळे असेच अधू निघाले, तेव्हा त्या बहिणीला अशा मुलांच्या दूरच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं होतं. चिमीला घर सोडून जायचं नव्हतं.

अशात भूगोलाच्या बाई देवासारख्या भेटल्या. "एरवी हातातून सुटत नाही ना फोन? मग वर्गातही काढा की!" म्हणाल्या. मुलं फोनवर नकाशे बघायची, दिशा तपासायची, रस्त्यातल्या दगडांचे फोटो दाखवायची. इतर तासांनाही मग फोन निघू लागले. सगळ्यांच्या हातात फोन, तसा चिमीच्या हातात मी. मी फळ्याचा फोटो काढायचो, ती बोटांनी अक्षरं मोठी करून वाचायची. कुणाला शंकाही आली नाही. त्या वर्षी ती वर्गात दुसरी आली आणि माझी छाती फुगली.

मग मागच्या बाकावरची दोघं गणिताच्या तासाला गेम खेळताना सापडली. सुक्याबरोबर ओलंही जळतं! मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सकाळीच सगळ्यांचे फोन आपल्या खणात ठेवू लागल्या. भूगोलाच्या बाई भांडल्या. "अहो, खेळणाऱ्यांना रागवा. शिकणाऱ्यांचे कशाला काढून घेता?" पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

आज भिंतीपलीकडच्या वर्गातून मला सगळं ऐकू आलं. मराठीच्या बाईंचा तास चालू होता.

"चिमे, फळ्यावरचं वाच."

चिमी उठली, बाक करकरलं.

"अगं, वाच की! अक्षरं विसरलीस काय?"

वर्ग खदखदून हसला. आणि मी इथे खणात, तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी मला चिमीच्या हातात दिलं. "उद्यापासून फोन आणायचाच नाही. दारावर नियम लावलेत, वाचून जा."

सांग चिमे, आता तरी सांगून टाक! पण "हो बाई" एवढंच म्हणून ती वळली. दारापाशी तिनं मला वर धरलं, कागदाचा फोटो काढला आणि अक्षरं मोठी करत हळूहळू वाचू लागली, 'शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई...'

मागे मोठ्या बाईंची खुर्ची सरकली. "चिमे, तुला ते फोनशिवाय वाचता येत नाही?"

चिमीला रडू फुटलं. "बाई, मला दूर नका ना पाठवू."

मोठ्या बाई एकदा दारावरच्या कागदाकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. मित्रांनो, मला खुशाल मोडीत काढा. पण त्याआधी उद्या चिमीनं फळा कसा वाचायचा, एवढं कुणीतरी सांगा.