आईंची पिशवी

आमच्या घरात एक नियम आहे. तो कोणी केला कोणास ठाऊक, पण मोडायची कोणाची छाती नाही: पिशवी जिच्याकडे, सासूबाई तिच्याकडे. घराबाहेर पडताना जी खांद्याला आईंची पिशवी अडकवेल, तिनेच आईंना धरायचं, बसवायचं, पाणी द्यायचं. 'ज्याच्याकडे' म्हणायची वेळ आमच्याकडे अजून आली नव्हती.

जहाजावरच्या सुट्टीत पिशवी अर्थातच माझ्याकडे. मोठ्या जाऊबाईंचा खांदा दुखतो. तो लग्नापासून दुखतो.

त्या दिवशी जहाज एका चिमुकल्या गावासमोर थांबलं. धक्का लहान, म्हणून आम्हाला होड्यांतून उतरवलं. गाव सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. पांढऱ्या भिंती, रंगीत दारं, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या फरसबंद गल्ल्या. पण आठवडाभर इतकी सुंदर गावं बघितली होती की आता मला एखादं कुरूप गावही चाललं असतं. फक्त तिथे सावलीत बसायला मिळायला हवं होतं. पोरं शहाणी, ती जहाजावरच पोहत राहिली.

माझे मोठे दीर नकाशा घेऊन पुढे निघाले. घरात सगळे त्यांना कप्तान म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. परतीची शेवटची होडी चुकली तर जहाज कोणासाठी थांबणार नाही, हे त्यांनी वाटेत इतक्यांदा सांगितलं की माझं डोकं भणभणायला लागलं. मागे माझा नवरा फोटो काढत, त्याच्या मागे जाऊबाई, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, एका हाताला आई आणि खांद्याला पिशवी.

चढावर माझ्या सँडलचा पट्टा निसटला. मी पिशवी जाऊबाईंच्या हातात दिली आणि खाली बसले. पिशवी दिली म्हणजे आई दिल्या, हा माझा सरळ हिशेब. पट्टा लावून झाल्यावरही मी तशीच बसून राहिले. खांदा हलका झाला होता आणि मला उठवत नव्हतं.

वर चौकात पोचले तेव्हा तिघं कॉफी पीत बसलेले. पिशवी एका रिकाम्या खुर्चीवर. मी विचारलं, आई कुठे आहेत? नवरा म्हणाला, तुझ्याकडे ना? जाऊबाई म्हणाल्या, मी तर पिशवी भाऊजींकडे दिली होती. नवरा म्हणाला, मला वाटलं नुसती पिशवीच धरायची आहे. मग आम्ही चौघांनीही त्या खुर्चीकडे पाहिलं, जणू आई पिशवीतूनच बाहेर येणार होत्या.

आईंचा एक गुडघा कामातून गेलेला, एका डोळ्याचं ऑपरेशन ताजं, जवळ फोन नाही, इथल्या भाषेचा एक शब्द येत नाही. आणि शेवटची होडी सुटायला फार वेळ उरला नव्हता. कप्तानांनी लगेच गल्ल्या वाटून दिल्या. नवरा मात्र एवढंच म्हणाला, "तुझ्याकडे होती ना ती?"

त्या 'ना'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता. सवयीने पिशवी खांद्याला लावली आणि उतारावर धावत सुटले.

चादरी वाळत घालणाऱ्या एका बाईला मी वाकून, लंगडून, म्हातारी करून दाखवली. तिने खांदे उडवले. दारात फळी तासत बसलेल्या सुताराला तेच दाखवलं. त्याने रंध्याने खाली, होड्या दुरुस्त करायच्या शेडकडे बोट केल्यासारखं केलं. वाटेत मी काय काय कबूल केलं असेल! पुन्हा कधी कंटाळणार नाही, पुन्हा कधी पिशवी सोडणार नाही.

शेडच्या मागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर आई बसल्या होत्या. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या, पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

"आई, किती घाबरलो आम्ही. हरवलात कशा?"

"हरवले कुठे? होड्यांचा धक्का तो समोर दिसतोय. वेळेवर निघालेच असते." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुझी पिशवी तिच्याकडे गेली, तिची त्याच्याकडे गेली. म्हटलं, आत्ता आपण कोणाकडेच नाही. मग पहिली गल्ली दिसली तीत शिरले."

मला राग यायला हवा होता. आलाही असता, पण त्याआधी रडू आलं. मी त्यांच्या शेजारी मटकन बसले. "मी फार दमले आहे, आई," मी म्हणाले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

"दिसतं मला. एक डोळा चांगला आहे अजून," त्या म्हणाल्या. "तू सांभाळून दमलीस, मी सगळ्यांकडून सांभाळून घेऊन दमले. बघू ती पिशवी."

त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन एकेक वस्तू पायरीवर काढली. नवऱ्याचा चार्जर. कप्तानांची दुर्बीण आणि त्यांची जाडजूड टोपी. जाऊबाईंच्या जादा चपला, त्यांचं उन्हाचं मलम. पोरांचे कालचे ओले टॉवेल. अगदी तळाशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि एक रुमाल.

"हे दोन माझे," आई म्हणाल्या आणि बाटली रुमालात गुंडाळून त्यांनी कुर्त्याच्या खिशात टाकली. बाकीचं मी परत भरलं. मग नवऱ्याला फोन करून सापडल्या म्हणून सांगितलं.

धक्क्यापर्यंत त्या कठडा धरून स्वतःच चालल्या. माझा हात सारखा पुढे जात होता आणि मी तो मागे घेत होते.

धक्क्यावर कप्तान भाषणाच्या तयारीत उभे होते. नवऱ्याचा चेहरा उतरलेला. त्याने आईंचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "आता हिच्याकडेच राहा हं, आई."

आईंनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्या खांद्याला अडकवली. "ही तुमची. मी आता माझ्याकडे आहे."

कप्तानांचं भाषण राहूनच गेलं. जाऊबाई समुद्राकडे बघू लागल्या. यात एवढं जड काय आहे, असं नवऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, उघडून बघ.

होडीत आईंच्या शेजारची जागा मिळाली. हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं सुचेना, म्हणून मांडीवर ठेवून दिले. होडी सुटायच्या आधीच माझा डोळा लागला असणार, कारण धक्का दूर गेलेला मी पाहिलाच नाही. अर्धवट झोपेत एवढंच कळलं की माझं डोकं कोणाच्या तरी खांद्यावर आहे आणि नवरा मला हाका मारतो आहे.

"उठवू नकोस तिला," आई त्याला हळूच म्हणाल्या. "ती माझ्याकडे आहे."