पूजेचा कोयता

सुनीलचं अक्षर सुंदर होतं, आणि सुंदर अक्षराच्या माणसाला जिल्हा परिषदेच्या शाळेत कधी मोकळं बसू देत नाहीत. फळ्यावरचा सुविचार त्यानंच लिहायचा, पोषण आहाराचा तक्ता त्यानंच, पाहुण्यांच्या स्वागताचा फलकही त्यानंच. त्यामुळं पोळा झाल्यावर वरून आदेश आला तेव्हा फाटकाजवळच्या भिंतीवर तो रंगवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

आदेश यायला कारणही तसंच घडलं होतं. दूरच्या एका तालुक्यात नववीतल्या पोरानं मधल्या सुट्टीत वर्गातल्याच पोराला चाकू मारला होता. मग सगळी यंत्रणा खडबडून जागी झाली आणि जागी झाल्यावर यंत्रणा जे करते तेच तिनं केलं, म्हणजे पत्रक काढलं. सुनीलनं दोन दिवस खपून लाल रंगात लिहिलं : ‘शाळेच्या आवारात कोणतेही शस्त्र किंवा धारदार हत्यार आणण्यास सक्त मनाई आहे. आणल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ खाली जाड रेघ ओढली. मुख्याध्यापक रामहरी सर लांबून, जवळून पाहून म्हणाले, “छापल्यासारखं झालंय.” सुनीलला बरं वाटलं.

तो मूळचा मिरजगावचा. पाथर्डीच्या डोंगराकडेच्या या गावात शिक्षणसेवक म्हणून आला, त्याला दोन वर्षं उलटून गेली होती. कायम व्हायला अकरा महिने उरले होते. इथली जमीन म्हणजे दगड जास्त आणि माती कमी. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकात बसून श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायचं, ते पाडव्याच्या आसपास परतायचं. आईबापांबरोबर पोरंही जायची आणि वर्ग ओस पडायचे. ती जाऊ नयेत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. ज्यांचं घरी बघणारं कुणी नाही, अशा पोरांना सहा महिने दोन वेळचं जेवण आणि झोपायला शाळेचीच एक खोली. पण त्यासाठी यादीत नाव लागायचं.

आठवीतल्या सुकन्याचं नाव यंदा पहिल्यांदा यादीत आलं होतं. आजी होती तोवर ती आजीपाशी राहायची. आजी चैत्रात गेली. तेव्हापासून बाप पुंजाराम म्हणत होता, आता पोरगी बरोबरच न्यायची. सुनील तीनदा त्यांच्या घरी गेला. पोरगी गणितात अख्ख्या केंद्रात पहिली आहे, हे त्यानं पुंजारामला आपल्या परीनं समजावलं. आई रंगुबाई चुलीपुढून उठली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तिला एकलीला ठिवून जायचं सर? कुनाच्या भरवशावर?”

“मी आहे ना,” सुनील म्हणाला.

असं बोलायला काही लागत नाही. पण रंगुबाईनं ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुंजारामनं फॉर्मवर अंगठा उठवला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुनीलच्या डोक्यात कल्पना आली. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खंडेनवमीला ते पाने, पक्कड, हवेचा पंप सगळं रॉकेलनं पुसून पाटावर मांडायचे आणि त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तरी हत्याराला हात लावायचे नाहीत. ते आठवून त्यानं आठवीच्या वर्गात सांगितलं, “उद्या सरस्वतीपूजन आहे. येताना प्रत्येकानं घरातलं एक अवजार आणायचं. तुमचे आईवडील ज्याच्यावर पोट भरतात ते. त्याचीही पूजा करू.” पोरं खूश झाली. स्वतःच्या हातानं रंगवलेली भिंत त्याला त्या वेळी आठवलीही नाही. खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या वस्तूला हत्यार समजून भ्यायचं असतं, हे त्या गावात तरी कुणाला ठाऊक होतं?

सकाळी पाटावर काय काय जमलं! गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री, विळे, खुरपी, न्हाव्याचा वस्तरा, एका पोरानं तर बापाच्या टेम्पोचा जॅक उचलून आणला. सुकन्यानं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कोयता आणला होता. रंगुबाईनं तो पहाटेच धुऊन त्याला हळदीकुंकू लावलं होतं आणि मुठीला झेंडूचं फूल बांधलं होतं. नवऱ्याचा कोयता घरी पूजेला ठेवून तिनं स्वतःचा लेकीजवळ दिला होता.

“आई म्हनली, सरांना सांग, वीस वर्सं झाली या कोयत्याला. मूठ तेवढी बदलली,” सुकन्या म्हणाली.

सुनीलला भरून आलं. वर्गात अंधार होता, म्हणून त्यानं तिला बाहेर फाटकाजवळ उन्हात उभं केलं, कोयता दोन्ही हातांत छातीशी धरायला लावला आणि मोबाईलवर फोटो काढला. फोटो झकास आला. ‘आमच्या शाळेत श्रमाची पूजा’ असं लिहून त्यानं तो स्टेटसला ठेवला आणि शाळेच्या ग्रुपवरही टाकला.

फोटोत सुकन्याच्या डोक्यामागं त्याचीच भिंत होती. लाल अक्षरं, जाड रेघ, सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

दुपारी बारापर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला. कुणीतरी खाली लिहिलं, ‘ही शाळा की कोयता गँग?’ पुढच्यानं त्याला गाणं लावलं. झेंडूचं फूल कुणी पाहिलं नाही. दीड वाजता पोलिसांची गाडी फाटकात उभी राहिली.

जमादार वयस्क होते, आरडाओरडा करणारे नव्हते. कार्यालयात बसून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “शेतीचं अवजार हाय, ते मला दिसतंय. माझ्या घरीबी हाय. पन शाळेच्या आवारात आदेश लागू हाय आन फोटो वरपर्यंत गेलाय. पोरीवर केस करनार न्हाई मी. कोयता जप्त करतो, पंचनामा करतो. फकस्त एवढं सांगा, आनायला कुनी सांगितलं?”

रामहरी सरांनी सुनीलकडं पाहिलं नाही. ते टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिले. फोटो कुणाच्या मोबाईलवरचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शाळेतल्या माणसानंच आणायला सांगितलं असं कागदावर आलं, तर त्याच्याबरोबर आपल्यालाही खुलासा द्यावा लागेल, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांची निवृत्ती मार्चमध्ये होती.

सुनील दाराशी उभा होता. ‘मी सांगितलं’, एवढे दोनच शब्द. ते त्याच्या तोंडाशी आले होते, हे खरं आहे. पण अकरा महिनेही आठवले, मिरजगावचं दुकान आठवलं, तिथं अजूनही पंप मारणारे वडील आठवले. तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याची त्याला त्याच क्षणी शिसारी आली.

सुकन्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकदा सरांकडं पाहिलं, मग खाली.

“मीच आनला,” ती म्हणाली. “पूजेला.”

जमादारांनी लिहून घेतलं : ‘सदर विद्यार्थिनीने स्वतःहून, विनापरवानगी आणला.’ पंच म्हणून सही लागत होती. रामहरी सरांनी पेन सुनीलपुढं केलं. सुनीलनं सही केली. तीही सुंदर आली.

संध्याकाळी शाळा सुटताना रामहरी सरांनी वसतिगृहाची यादी काढली आणि एका नावावर रेघ मारली. “केंद्रप्रमुखांशी बोललो,” ते म्हणाले. “पोलीस नोंद झालेली मुलगी रात्री शाळेत मुक्कामाला ठेवायची म्हणजे जबाबदारी आहे. उद्या काही झालं तर?”

“सर, पण ती...”

“तुम्ही बोलणार आहात का काही?” रामहरी सरांनी आता कुठं त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. “बोलायचं असेल तर लेखी द्या. मी पुढं पाठवतो.”

दसऱ्याच्या दुपारी लोक सोनं वाटत फिरत असताना सुनील खोलीचं दार लावून लिहायला बसला. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र. ‘कोयता माझ्या सांगण्यावरून आणला गेला. फोटो मीच काढला. विद्यार्थिनीचा काहीही दोष नाही. तरी तिचे नाव वसतिगृहाच्या यादीत पूर्ववत घ्यावे.’ खाली सही, तारीख. एक पानही भरलं नाही. चार वेळा लिहून त्यानं ते चांगल्या अक्षरात उतरवलं आणि पाकिटात घातलं.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. पुंजारामला आठ दिवस थांबवायचं, पत्र साहेबांना द्यायचं, नाव पुन्हा लावून घ्यायचं, असं सगळं मनाशी जुळवून तो सकाळीच मारुतीच्या पारापाशी गेला. ट्रक भरत आला होता. पेट्या, गोधड्या, पत्रे, एक शेळी. मुकादम टपावर हात आपटून घाई करत होता.

पुंजारामनं त्याला लांबूनच रामराम घातला. “सर, तुमी कशाला येवढं आला? पोरीनं आमाला मान खाली घालायला लावली बघा. तुमी तिच्यासाठी किती केलं, आन तिनं शाळंत कोयता नेला.”

सुनीलनं सुकन्याकडं पाहिलं. म्हणजे बापालाही तिनं सांगितलं नव्हतं. रंगुबाई गोधड्यांवर बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, लेकीबरोबर सरांना निरोप तिनंच तर धाडला होता. पण नवऱ्यापुढं तिनं ते उघड केलं नाही, ती गोधड्यांची गाठ आवळत राहिली.

तोंडानं सांगायचं धाडस त्याला झालंच नाही. त्यानं पाकीट पुंजारामच्या हातात दिलं. “हे वाचा,” म्हणाला आणि म्हटल्यावर त्याला फॉर्मवरचा अंगठा आठवला.

पुंजारामनं पाकीट लेकीकडं दिलं. “वाच गं, काय लिव्हलंय सरांनी.”

सुकन्यानं पत्र उघडलं. ओठ न हलवता वाचलं. सुनीलनंच तिला मनातल्या मनात वाचायला शिकवलं होतं. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा वरपासून वाचलं. मग हळूच विचारलं, “सर, हे दिलं का सायबांना?”

“देणार आहे,” सुनील म्हणाला.

“कवा?”

सुनीलनं नजर ट्रकच्या चाकाकडं वळवली. तेरा वर्षांची पोर, पण माणूस वाट बघायच्या लायकीचा आहे की नाही हे तिला तेवढ्यात कळलं. तिनं पत्राची होती तशी घडी घातली.

“काय लिव्हलंय?” पुंजारामनं विचारलं.

“अभ्यास सोडू नको, म्हनत्यात,” सुकन्या म्हणाली. “तिकडं गेल्यावर बी पुस्तक वाचत जा, म्हनत्यात.”

“बघ,” पुंजाराम रंगुबाईला म्हणाला. “किती जीव हाय सरांचा.”

तिनं पाकीट सुनीलच्या हातात परत दिलं. “तुमच्याकडंच राहू द्या सर. तिथं पालात भिजंल.” मग ती चाकावर पाय ठेवून वर चढली. आईशेजारी दोन नवे कोयते गोणपाटात बांधून ठेवले होते. एक रंगुबाईचा, पोलिसांनी नेलेल्याच्या बदली. दुसरा लहान होता, हलक्या मुठीचा. त्याच्यावरही कालचं हळदीकुंकू होतं आणि झेंडूचं फूल होतं. सुकन्यानं गोणपाट मांडीवर घेतलं, कारण खाली ठेवायला जागा नव्हती.

ट्रक निघाला. पुंजारामनं हात जोडले. सुकन्यानं हात केला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा आठवीत अकरा पोरं उरली होती. रामहरी सरांनी सुनीलला सांगितलं की भिंतीवरची अक्षरं पावसानं थोडी फिकी झालीत, वरून तपासणी येणार आहे, तेवढी पुन्हा गिरवून घ्या. सुनीलनं रविवारी येऊन गिरवली. पत्र तेव्हाही त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. तालुक्याची बस शाळेसमोरच थांबते, आणि साहेबांचं ऑफिस स्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. अजूनही देता आलं असतं. कायम व्हायला आता दहा महिने उरले होते.